सोनापूर

आत्याचा फोन आला तो २०१८ च्या ऑगस्टमध्ये, शुक्रवारी सकाळी. खेडला पावसाची झड लागली होती, आवाज मधूनमधून तुटत होता. "अरे, चार महिने त्याचा फोन नाही. तू तिथेच आहेस ना? बघून ये एकदा."

तिथेच. आतेभावाचा कॅम्प माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर. दोन वर्षांत एकदा त्याला जेवायला आणलं होतं, बायकोने सोलकढी केली होती. आणि दिवाळीला एक फोन. आत्याला हे कुठे माहीत!

कॅम्प सोनापूरला. मुंबईत सोनापूर म्हणजे स्मशान, म्हणून आत्याला पत्ता सांगताना मी नेहमी मुहैस्नाच म्हणायचो. खोलीत त्याच्या जागेवर दुसराच कोणी झोपला होता. "वो तो चला गया." पुढे कोणी बोलेना. इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. मी त्यांना कंपनीचाच माणूस वाटलो असणार. शेवटी बाहेर कॅफेटेरियात राजापूरच्या एका मुलाने माझं बोलणं ऐकून तोंड उघडलं. पाच महिने पगार नाही, पासपोर्ट कंपनीकडे. एका रात्री तो निघून गेला आणि कंपनीने फरारी म्हणून नोंद केली. म्हणजे आपण इथे ज्याला सहज खल्लीवल्ली म्हणतो, तो. आता तो आमच्या घरातला होता.

इस्पितळं पालथी घातली. पोलिसांत जायचा धीर होईना, सापडला तर आत जायचा. भारतीय कॉन्सुलेटमध्ये गेलो तेव्हा कळलं की १ ऑगस्टपासून माफी सुरू झाली आहे, दंड न भरता घरी जाता येईल. पण त्याने स्वतः समोर यायला हवं.

मग शारजाचं रोला. तेव्हा शुक्रवारी सगळा कामगार तिथे लोटायचा. माझ्याजवळ त्याचा एकच फोटो, बहिणीच्या लग्नातला, फेटा बांधलेला. तीन शुक्रवार तो फोटो दाखवत उकाड्यात हिंडलो. चौथा शुक्रवार गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आला. आत्याकडे गणपती दीड दिवसाचा, तिकडे विसर्जनाची वेळ. तेवढ्यात मागून आवाज आला, "दादा, तो फोटो आत ठेव."

गालफडं बसलेली, अंगावर कुणाचा तरी शर्ट. भाजी मार्केटात रोजावर हमाली करत होता. दुसऱ्या शुक्रवारपासून मला लांबून बघत होता म्हणे.

"मग आला का नाहीस? मला एक फोन तरी करायचास!"

"केला होता. मार्चमध्ये."

त्याच्यासमोर फोन काढून बघायची माझी हिंमत झाली नाही. घरी येऊन पाहिलं. सव्वाअकराची वेळ, कॉल मी कापलेला, खाली माझाच मेसेज: 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो.'

पुढचं सरळ झालं. कॉन्सुलेटचा आउटपास, अल अवीरच्या तंबूतली रांग, ऑक्टोबरात मुंबईचं विमान. एजंटाच्या कर्जातलं थोडं मी भरलं. तो नको म्हणाला, मी ऐकलं नाही.

आत्या अजून वाडीत सगळ्यांना सांगते, "माझ्या भाच्याने शोधून आणलान." तो तिथेच पडवीत बसलेला असतो. माझ्याकडे बघतो, आणि चहा आणायला आत जातो.