चांदण्यात पक्षी करणारी

घुबड घराच्या वळचणीला येऊन बसलं की आपल्याकडची म्हातारी माणसं अस्वस्थ होतात. त्याचा घुत्कार कुणाला ऐकवत नाही. माझ्याही मनात लहानपणापासून ती धास्ती होतीच. ती गेली एका चित्रानं. त्यातलं घुबड कामात गढलेलं होतं.

रेमेदिओस वारो या चित्रकर्तीचं ‘पक्ष्यांची निर्मिती’ हे ते चित्र १९५७ सालचं, हार्डबोर्डावर तैलरंगात केलेलं. टेबलाशी एक घुबडबाई बसली आहे. अंगभर पिसं, चेहरा घुबडाचा, हात मात्र माणसाचे. गळ्यात छोटंसं व्हायोलिन, आणि त्यातूनच निघालेला कुंचला तिच्या हातात. दुसऱ्या हातात तिकोनी भिंग. खिडकीतून आलेलं चांदणं त्या भिंगातून फाकतं आणि कागदावरच्या पक्ष्यावर उतरतं. शेजारी फुगीर, अंडाकृती पात्रांचं एक यंत्र आहे. खिडकीबाहेरच्या रात्रीतून ते काहीतरी ओढून घेतं आणि रंगपाटीवर तीन रंग ठिबकवतं. कागदावरचा पक्षी जिवंत होतो, उठतो, उडतो.

अशा चित्राला लोक चटकन ‘नशेतलं’ म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. या चित्रातली एकही नळी हवेत लोंबकळत नाही. कुठून निघाली नि कुठे पोचली, बोट ठेवून दाखवता येतं. वारोचे वडील जलअभियंता होते आणि लहानग्या लेकीला आपले आराखडे नकलून काढायला लावत. ती रेघ तिच्या बोटांत कायमची मुरली. स्वप्न तिनं पाहिलं खरं, पण ते कागदावर उतरवलं ओळंब्यात.

कॅटालोनियातल्या आंग्लेस गावी १९०८ साली ती जन्मली. शिक्षण माद्रिदमध्ये. मग स्पेनचं यादवी युद्ध, पॅरिस, आणि नाझी पॅरिसात शिरल्यावर पुन्हा पळ. १९४१ च्या अखेरीला ती मेक्सिकोत पोचली. पोटासाठी बायर औषध कंपनीच्या जाहिरातींची चित्रं काढली. त्यांवर सही आईच्या आडनावाची, उरांगा. पुढे व्हेनेझुएलात मलेरियाच्या कामासाठी सूक्ष्मदर्शकाखाली डास ठेवून त्यांची चित्रं काढली. हे वाचलं तेव्हा मी पुन्हा घुबडबाईच्या अंगावरची पिसं पाहायला गेले. एकेक पीस वेगळं मोजता येईल इतकं बारीक. डासाच्या पायावर ज्या डोळ्यांनी इतका वेळ घालवला, त्यांना पिसाची घाई कशी असेल!

मनासारखं रंगवायला तिला सवड मिळाली ती चाळिशी उलटल्यावर. पहिलं स्वतंत्र प्रदर्शन मेक्सिको शहरात, १९५६ साली. ऑक्टोबर १९६३ मध्ये हृदयविकारानं ती गेली, चौपन्नाव्या वर्षी. म्हणजे हाताशी आली ती जेमतेम दहा वर्षं. एवढ्यात तिनं किती प्राणी जन्माला घातले! चाकांवर चालणारी माणसं, आपल्याच अंगरख्याच्या होडीतून जाणारे प्रवासी. जवळपास सगळेच कुठून तरी निघालेले. घर सुटलेल्या बाईच्या हातून ते निघणारच, असं मला वाटतं.

घुबडबाई मात्र जागची हलत नाही. उडालेला पक्षी खिडकीशी पोचला आहे, बाहेर अख्खी रात्र मोकळी आहे, आणि ती मान वर करून त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. तिची नजर खाली आहे, कागदावरच्या दुसऱ्या पक्ष्यावर. त्याची शेपटी अजून व्हायची आहे.