एकलीच शे का माय?

मागच्या शनिवारी जळगावहून धुळ्याला घरी निघाले होते. पारोळा मागे पडलं आणि शेजारच्या मावशींनी विचारलं, "एकलीच शे का माय?" म्हटलं, हो. त्यांनी लगेच अर्धी भाकरी पुढे केली. प्रेमळ बाई, पण प्रश्न डोक्यात राहिला.

कॉलेजात असताना लळिंगच्या डोंगरात आमचा कॅंप होता. नकाशा आणि होकायंत्र घेऊन, डोंगरात लपवलेले झेंडे शोधायचे. मुलं एकेकटी सुटली. आम्हा मुलींना मात्र सहाच्या घोळक्यात, पुढे एक सर. नकाशा सरांच्या हातात! मग शोधलं काय? सरांची पाठ.

या खेळाला ओरिएंटिअरिंग म्हणतात हे मला फार नंतर कळलं. १९६१ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली, १९६२ मध्ये नॉर्वेत पहिली युरोपियन स्पर्धा झाली आणि १९६६ मध्ये फिनलंडमधल्या फिस्कार्सला पहिली जागतिक स्पर्धा. तिथे पुरुषांमध्ये नॉर्वेचा ओगे हाडलर जिंकला, बायकांमध्ये स्वीडनची उला लिंडक्विस्ट. म्हणजे पहिल्या जागतिक स्पर्धेपासूनच दोघांचे वेगळे किताब.

यात काय विशेष? तर त्या काळी ऑलिंपिकमध्ये बायकांची सगळ्यात लांब धावण्याची शर्यत होती ८०० मीटरची. १५०० मीटर आली १९७२ ला, मॅरेथॉन थेट १९८४ ला. बायकांना झेपेल का, याची चर्चा चालू होती म्हणे. आणि इकडे उलाबाई अनोळखी जंगलात एकट्या पळत होत्या. वैयक्तिक शर्यतीत स्पर्धकांना थोड्या थोड्या अंतराने सोडतात, त्यामुळे पुढच्याच्या मागे जायची सोय नाही. डावीकडे वळायचं की ओढा ओलांडायचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. चुकलं तरी आपलंच.

मला वाटतं, खरी गोष्ट पळण्याची नाहीच. नकाशा कुणाच्या हातात, ही आहे.

रविवारी सकाळी पप्पांना म्हटलं, लळिंगला जाऊन येते. "कोण कोण?" "मीच." ते गप्प झाले. मग नकाशा मागितला, चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "या रेषा इथं एवढ्या जवळ जवळ का?" म्हटलं, तिथं चढ खडा आहे. "मग तिकडून नको जाऊ. आणि बारापर्यंत फोन कर."

तिकडून नाहीच गेले. तरी एका नाल्यापाशी चुकले. विचारायला कुणी नव्हतं. खाली बसले, होकायंत्राच्या उत्तरेशी नकाशा जुळवला, मागच्या टेकडीवरून अंदाज घेतला. दहा मिनिटं लागली, घामही फुटला, पण वाट मिळाली. भीती नाही वाटली असं कसं म्हणू?

पावणेबाराला वरून फोन केला. पप्पा म्हणाले, "मला शिकवशील का ते?"

पुढच्या रविवारी दोन नकाशे नेणार आहे. एक त्यांचा.