हवा गेली कुठे?

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला मोटारीच्या इंजिनातलं काही कळत नाही, असा एक समज आहे. तो बऱ्याच अंशी खरा आहे. पण इंजिनात काही बिघडलं की 'आत किती आलं, बाहेर किती गेलं आणि मधलं कुठे गेलं' एवढाच प्रश्न उरतो, आणि या प्रश्नावर तर आम्हा बँकवाल्यांची रोजीरोटी चालते.

आता टर्बोचार्जरचंच घ्या. नावावरून लढाऊ विमान वाटतं, पण प्रत्यक्षात ती अगदी मध्यमवर्गीय वस्तू आहे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एरवी सायलेन्सरमधून फुकट जातो. त्या झोतावर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त म्हणून इंधन जास्त जाळता येतं, आणि म्हणून ताकद जास्त. थोडक्यात, रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा! आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरने १९०५ साली या युक्तीचं पेटंट घेतलं. त्याच्या घरी पोळ्या उरत नसाव्यात, पण वृत्ती आपलीच.

मात्र कोंबण्यालाही मर्यादा हवी. ते चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. हवेचा हा जादा दाब, म्हणजे 'बूस्ट', कमी पडला तर गाडी रडते आणि फार वाढला तर इंजिनाच्या जिवावर बेततं. म्हणून त्याला लगाम असतो. पेट्रोल गाड्यांत बहुधा वेस्टगेट नावाची झडप जादा धूर चाकाला वळसा घालून सोडते, तर डिझेल गाड्यांत बहुधा चाकाभोवतीच्या पाकळ्या उघडमीट करतात.

१९६२ साली अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर नावाची टर्बोवाली गाडी आली. तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण भरावं लागे, आणि ते संपलं की गाडी आपणहून बूस्टला आवर घाली. मालक मंडळी टाकी भरायला विसरत आणि गाडीत दम नाही म्हणून कुरकुरत. बूस्ट गेला की टर्बोच्या नावाने बोटं मोडायची, ही रीत अशी जुनी आहे.

आमचे थोरले चुलतभाऊ अण्णा याच परंपरेतले. त्यांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली. एके दिवशी पसरणी घाटात ती अचानक मलूल झाली. पॅडल तळाला टेकलं तरी वेग वाढेना. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि स्ट्रॉबेरीचा टेम्पोसुद्धा हॉर्न वाजवत पुढे गेला. अण्णांना टेम्पो जास्त लागला. एका चकचकीत वर्कशॉपातल्या पोराने गाडीला कॉम्प्युटर जोडला आणि निकाल दिला, "कोड पी ०२९९. टर्बो गेला. ६५ हजार."

दुसऱ्या दिवशी अण्णा मुदत ठेवीची पावती घेऊन माझ्या काउंटरवर हजर!

"मोड ही."

"अण्णा, ही तर मनूच्या फीसाठी ठेवलेली. पुढच्या महिन्यात भरायची ना?"

"फीचं बघू काहीतरी. गाडीशिवाय माझा धंदा बसतो."

घरातला कर्ता माणूस 'बघू काहीतरी' म्हणतो, तेव्हा त्याच्याजवळ दुसरं काही नसतं, हे काउंटरच्या आतून फार लवकर कळतं. मी फॉर्म देण्याआधी फोनवर तो कोड शोधला. अर्थ एवढाच निघाला, की मागितला तेवढा दाब मिळाला नाही. टर्बो गेला असं त्यात कुठेच नव्हतं! म्हणजे आमच्याकडे संध्याकाळी 'कॅश शॉर्ट' निघते, तसंच हे. तेव्हा कुठलाही मॅनेजर कॅशियरला घरी पाठवून नवा कॅशियर मागवत नाही. आधी बंडलं पुन्हा मोजतात, मग व्हाउचरं चाळतात, मग ड्रॉवरच्या खाली वाकून बघतात. स्वस्त उपाय आधी.

आमच्या शाखेचे एक जुने खातेदार मिस्त्री आहेत. अण्णांना त्यांच्या गॅरेजात नेलं. त्यांनी हत्याराला हात लावण्याआधी प्रश्न विचारले, "काळा धूर येतो का? फुस्स असा आवाज?"

"नाही."

या प्रश्नांत मर्म होतं. आत शिरणारी हवा दारातच मोजली जाते. पुढचा रबरी होज फाटला, तर मोजलेली हवा वाटेत गळते, पण कॉम्प्युटर मोजलेल्या हिशेबानेच डिझेल ओततो आणि गाडी काळा धूर ओकते. म्हणजे काउंटरवर मोजलेली रक्कम तिजोरीपर्यंत पोचलीच नाही! इथे धूर नव्हता. मिस्त्रींनी होजचे सांधे बोटांनी चाचपले. गळती असली की तिथे तेलाचा ओशटपणा दिसतो. सांधे कोरडे होते.

मग पाकळ्या हलवणाऱ्या डबीला त्यांनी हातपंप लावून हवा खेचली. दांडी सुळकन सरकली आणि पंपाचा काटा जागच्या जागी टिकला. "डबी चांगली, पाकळ्याही मोकळ्या. तुमचा टर्बो निर्दोष आहे, साहेब." डबीकडे येणाऱ्या नळीवर काटा लावला, तर तो ढिम्म! ती बोटाएवढी नळी एका पट्टीवर घासून चिरली होती. तिच्यातून खेच पोचत नव्हती, म्हणून पाकळ्या उघड्या राहत होत्या आणि दाब बनत नव्हता. नळीची किंमत ८० रुपये. नवा टर्बो बसवला असता, तरी त्याच चिरलेल्या नळीने तोच दिवा पुन्हा लागला असता!

"पण टर्बो कधी जातच नाही का?" अण्णांनी विचारलं.

"जातो की. निळा धूर येतो, ऑइल कमी होतं, दांडा हाताने खुळखुळतो. मग पाकीट काढायचं. आणि दाब जास्त निघाला तर त्याहून सावध राहायचं."

हे मला लगेच पटलं. कॅश शॉर्ट निघाली तर झोप जाते, पण जादा निघाली तर समजावं, की उद्या कोणीतरी दारात भांडायला उभा राहणार आहे.

कोड पुसून मिस्त्री थांबले नाहीत. जागेवर उभ्या गाडीत बूस्ट तपासणं म्हणजे क्लार्कचं काम रविवारी मोजणं. त्यांनी अण्णांना चढावर गाडी दामटायला लावली आणि स्वतः कॉम्प्युटरवर दोन आकडे बघत बसले, एक मागितलेल्या दाबाचा आणि दुसरा मिळालेल्या दाबाचा. दोन्ही हातात हात घालून वर गेले. टॅली!

मनूची फी वेळेवर भरली गेली. बिल झालं ५८० रुपये, ८० नळीचे आणि ५०० मजुरीचे. ६५ हजारांसाठी मुकाट्याने ठेव मोडायला निघालेले अण्णा त्या ५०० वर मात्र अडून बसले.

"अहो, एक नळी तर बदललीत! तिचे एवढे?"

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "बदलायचे काहीच लावले नाहीत, साहेब. ५०० आहेत ते बाकीचं न बदलल्याचे."