टेलचं पाणी

इंदापूर,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. मेघना,


तुझं पत्र मिळालं. डेअरीतल्या बढतीची बातमी एका ओळीत आणि उरलेलं सगळं पत्र एकाच गोष्टीबद्दल: "मामा, टार्गेट पुरं होतंय, पण मी प्लांटमध्ये शिरले की माणसं बोलायची थांबतात." हे तुला खटकलं याचा मला बढतीपेक्षा जास्त आनंद झाला. बऱ्याच साहेबांना ते खटकतच नाही. माणसं गप्प आहेत म्हणजे शिस्त आहे, असं समजून ते निवृत्त होतात.

व्यवस्थापनावरची पुस्तकं तू माझ्याहून जास्त वाचली आहेस. मी आपल्याच भागातलं सांगतो.

नीरा डाव्या कालव्याला पाणी आलं १८८५ मध्ये. वीरपासून निघालेला हा कालवा पुरंदर, बारामती करत शेवटी आपल्या इंदापुरात येतो. वरच्या गावांनी पाणी मिळतंय म्हणून ऊस लावला, भरमसाट पाजला, आणि काही वर्षांत काळ्या रानांवर मीठ फुटायला लागलं. ते नुकसान इतकं होतं की हॅरोल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१० मध्ये स्वतंत्र पुस्तिका काढली. म्हणजे एकाच कालव्यावर वरचं रान पाण्यानं खराब होत होतं आणि खालचं पाण्याविना. हिशेबाच्या वहीत मात्र सगळं ठीक: इतकं पाणी सोडलं, इतकी पट्टी वसूल.

विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या पाटबंधारे खात्यात होते. नीरेच्या पाण्यासाठी त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. पाणी थोड्या गावांत मुरवण्याऐवजी जास्त गावांना वाटायचं, प्रत्येक गावात ठरावीक ब्लॉकलाच द्यायचं आणि त्या ब्लॉकमध्ये उसाबरोबर इतर पिकांची फेरपालट ठेवायची. बागायतदार आधी बिथरले. आपला हक्क जातोय असं त्यांना वाटलं. हुकूम काढून मोकळं होता आलं असतं, सरकार इंग्रजांचं होतं. विश्वेश्वरय्या लोकांना भेटले, बोलले, पटवत राहिले. "ऊस ब्लॉक" हा शब्द आजही आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या तोंडात आहे, तो तिथून. मला त्या माणसाची बुद्धी मोठी वाटतेच, पण त्याहून मोठं वाटतं ते हे, की पाणी किती सोडलं यावर समाधान न मानता ते कुठवर पोचलं, हा प्रश्न त्यांनी स्वतःचा मानला.

टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, माणसाला हा प्रश्न कुणी समजावून सांगावा लागत नाही. इंदापूरच्या शेवटच्या गावांची पाण्यासाठीची ओरड तू लहानपणापासून ऐकली आहेस. हेडला, कालव्याच्या मुखाशी, गेज पुरा दाखवतो आणि टेलला चारी कोरडी असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. तुझ्या टार्गेटच्या तक्त्याकडे मी तसाच बघतो. तो खोटा नाही, तो हेडचा गेज आहे.

आता आमच्या साखर कारखान्यातलं. मी शेतकी खात्यात नवा असताना आमचे वरिष्ठ साहेब गळीत हंगामात ऊस मिलमध्ये सोडायच्या गव्हाणीपाशी क्वचित दिसायचे. इतर खात्यांचे प्रमुख तिथंच उभे असत, कारण गव्हाण रिकामी पडली, "नो केन" झालं, की मिल थांबते आणि फोन वाजायला लागतात. आमचे साहेब मात्र पहाटे तोडणी टोळ्यांच्या कोप्यांवर जायचे. बीडकडून, नगरकडून आलेली माणसं. नवरा-बायको मिळून एक कोयता. साहेब तिथं उसाचं काही विचारायचेच नाहीत. पाणी कुठून आणता, पोराचा ताप उतरला का, बैलाच्या खांद्याला काय झालं. एकदा एका टोळीच्या बायका पिण्याचं पाणी लांबच्या विहिरीवरून आणतात असं कळलं, तर त्याच दिवशी त्यांनी तिथं टँकर सुरू करवला. तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयपासून सगळ्यांना तो वेळेचा अपव्यय वाटे.

पुढं काय झालं ते बघ. टोळ्यांचे मुकादम रात्री उशिरा साहेबांच्या दारात यायला लागले. "साहेब, उद्या माझे चार कोयते बसणार, आजारी आहेत." "साहेब, अमक्याच्या रानात वाहन निघत नाही, ऊस तुटून पडलाय." तुटलेला ऊस रानात पडून राहिला की वजन घटतं, आतली साखर मोडायला लागते आणि उतारा खाली येतो, हे तू जाणतेस, दुधाचंही वेगळं काय असतं? ही बातमी आदल्या रात्री मिळाली की दुसरी टोळी हलवता येते, गाड्या फिरवता येतात. दुसऱ्या दिवशी दुपारी गव्हाणीवर कळली तर फक्त आरडाओरडा करता येतो. मुकादमाच्या अंगावर उचलीचं, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशाचं, ओझं असतं. खाडा सांगितला की साहेब आपल्यावरच घसरणार, ही त्याची भीती खरी असते. आमच्या साहेबांपाशी ती भीती गेली होती. कारखान्याच्या इतर गटांत ऊस कमी नव्हता, माणसंही कमी नव्हती. तिथल्या मुकादमांना बोलायची सोय नव्हती, एवढाच फरक.

तुझ्या प्रश्नाचं मला सुचतं ते उत्तर यातच आहे. वाईट बातमी तुझ्यापर्यंत किती लवकर येते, यावर लक्ष ठेव. बढती पत्रानं मिळते. लवकर येणारी वाईट बातमी मात्र तुला माणसांकडून मिळवावी लागेल, आणि ती सगळ्यात शेवटच्या माणसाकडून आली तरच खरी.

हे उसापुरतंच नाही. वालचंदनगर तुझ्या आजोळपासून किती जवळ. तिथं इस्रोच्या रॉकेटांची मोटर केसिंग बनतात. अशा कामात तपासणी कितीही कडक असली, तरी आपला जोड मनासारखा बसला नाही हे वेल्डरला सगळ्यांच्या आधी कळतं. तो ते बोलला तर एक दिवस जातो. न बोलला तर काय जाईल, ते सांगायला नको.

आणखी एक गोष्ट, कारण टेलच्याही पलीकडे माणसं असतात. सुपे, मोरगावकडचा जिरायती पट्टा कालव्याच्या नकाशावर नाहीच. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात दुष्काळ पडला तेव्हा बारामतीच्या मिशनचे रेव्हरंड लझारस आणि तेव्हाचे तरुण शरद पवार यांनी परदेशी मदतीचं धान्य आणि तेल नुसतं वाटलं नाही. त्या बदल्यात गावोगावच्या लोकांनी पाझर तलाव बांधले. मग आप्पासाहेब पवारांनी १९७१ मध्ये ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा केला, आणि पाणी व शेतीचं ते काम एका दुष्काळापुरतं राहिलं नाही. धान्य वाटणारा चांगला व्यवस्थापक असू शकतो. ज्यांना मोजणीतच कुणी धरत नाही त्यांच्या हातानं काम उभं करणं मला त्याच्या फार पुढचं वाटतं.

तुझ्या प्लांटमध्ये मोजणीबाहेरचं कोण आहे? मला वाटतं, ठेकेदाराकडची माणसं. कॅन धुणारे, रात्री टाक्या आणि पाइपलाइन धुणारे, पहाटे टँकर घेऊन धक्क्यावर थांबणारे ड्रायव्हर. त्यांचा हजेरीपट तुझ्याकडे येत नाही, पण दूध नासणार आहे हे वासानं पहिल्यांदा त्यांनाच कळतं. मीटिंग बोलावू नकोस, मीटिंगमध्ये ते बोलणार नाहीत. तिसऱ्या पाळीला जा, हातात वही नको, बरोबर सुपरवायझर तर नकोच. पहिले काही आठवडे कुणी काही सांगणार नाही. धीर धर.

मग एक दिवस कुणीतरी भीत भीत सांगेल की व्हॉल्व्ह उघडा राहिला होता. त्या वेळी तुझा चेहरा कसा होतो, हे सगळा प्लांट बघणार आहे. "कुणी केलं?" हा प्रश्न तेव्हा तोंडातून येऊ देऊ नकोस. आधी दूध वाचव, व्हॉल्व्ह पुन्हा उघडा राहणार नाही अशी सोय कर, आणि ज्यानं सांगितलं त्याचे चारचौघांत, नाव घेऊन, आभार मान. वरून बोलणी खायची वेळ आली तर ती एकटीनं खा. त्या दिवशी झालेलं पैशाचं नुकसान मी तुला सांगितलेल्या सगळ्या नुकसानांत सर्वांत स्वस्त आहे, हे तुझ्या वरिष्ठांनाही स्पष्ट सांग. ते ऐकतील असं तुझ्या पत्रावरून वाटतं.

पुढच्या पत्रात उत्पादनाचे आकडे नको लिहूस. तिसऱ्या पाळीतल्या किती जणांची नावं तुला पाठ झाली आणि त्यांतलं कोण काय म्हणालं, ते लिही. मामीनं भाजणी करून ठेवली आहे. दिवाळीआधी कुणी तुझ्याकडे बारामतीला येणारं मिळालं तर पाठवते म्हणते.

तुझा,
मामा