तुझे ३५ तास आणि आमचा रविवार

अगं,

तुझं पत्र पोचलं आणि अर्धं पत्र तक्रारीचं निघालं! वर्षाला ३५ तास शिक्षण पुरं करायचं, त्याची नोंद ठेवायची, आणि वर पुन्हा आपण काय शिकलो यावर विचार करून तोही लिहून काढायचा. ब्रिटनमधल्या पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने हा नियम खास तुझ्यासाठीच केला असावा. शिरवळच्या होस्टेलात परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्या पॅथॉलॉजीच्या वह्या पळवणारी मुलगी तूच ना? आता बस वर्षभर थोडा थोडा अभ्यास करत. मला फार आनंद झालाय बघ!

पण तुला खरं सांगते, तुझा हेवाही वाटला. कुणीतरी तुला दरवर्षी विचारतं, बाई गं, यंदा नवीन काय शिकलीस? इकडे दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण येतं. प्रशिक्षणं होतात, विद्यापीठ घेतं, खातं घेतं आणि ती चांगलीही असतात. पण तालुक्याच्या दवाखान्यातून पाय निघायला हवा ना! लाळ्या-खुरकुताचं लसीकरण चालू असतं, गाभण गायी तारखेवर आलेल्या असतात, आणि आपल्या जागी उभं राहायला दुसरं कुणी नसतं.

औषधांचं जग मात्र आपल्यासाठी थांबत नाही. आठवतं, आपल्या वेळी डायक्लोफिनॅक प्रत्येकाच्या बॅगेत असायचं. गाय लंगडली, दे. ताप आला, दे. मग २००४ मध्ये कळलं, की त्या औषधावरच्या जनावराचं मढं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होताहेत. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं आणि आपण मेलोक्झिकॅमकडे वळलो. पुढे २०१९ मध्ये दुभत्या आणि मांसाच्या जनावरांसाठी कोलिस्टिन बंद झालं, २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही गेलं. दूर कुठेतरी एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? औषधाच्या दुकानदाराने सांगितलं तर सांगितलं.

म्हणून आम्ही रविवार सुरू केला. महिन्यातून एकदा, सरांच्या ओसरीवर. सर आता निवृत्त झालेत, पण हात लावून गाभण तपासण्यात आजही त्यांचा हात धरणारं कुणी नाही. सरकारी दवाखान्यातले, दूध संघातले, खासगी प्रॅक्टिसवाले असे सगळे एका सतरंजीवर बसतात. हो, विश्वास ठेव! प्रत्येकाने एक केस आणायची. बरी झालेलीच आणायची असं नाही, उलट न सुटलेली आधी. आणि सरांचा एकच नियम, ‘असं कसं केलंस?’ हे वाक्य या ओसरीवर उच्चारायचं नाही. ‘पुढे काय करता येईल?’ एवढंच विचारायचं.

सरांच्या बायकोला, काकूंना, तू भेटायलाच हवं. त्या आतून पिठलं ढवळताना सगळं ऐकत असतात. परवा एक जण थायलेरियाची केस रंगवून सांगत होता, तर काकू उंबऱ्यात येऊन म्हणाल्या, “ताप आहे, गाठी सुजल्यात, अंगावर गोचीड आहे. ब्युपार्व्हाक्वोन द्या आणि जेवायला चला, भाकरी गार होतेय.” रक्ताची काच तपासून घ्यावी एवढीच दुरुस्ती सरांनी सुचवली.

मग म्हशीच्या गर्भाशयाच्या पिळाचा विषय निघाला. शेफरची पद्धत आपण पाठ केली होती. पीळ ज्या बाजूचा त्या कुशीवर म्हैस पाडायची, पोटावर फळी ठेवायची, फळीवर माणूस उभा करायचा आणि पिळाच्याच दिशेने म्हैस फिरवायची. पण शर्मांनी सुधारलेल्या पद्धतीत लांब फळीचं एक टोक जमिनीवर टेकवून त्या खालच्या बाजूला माणूस उभा करतात, आणि वजन नेमकं कसं पडतं ते पाहिल्याशिवाय उमगत नाही. सरांनी गादीची वळकटी करून तिची म्हैस केली. आमच्यातला सगळ्यात वजनदार डॉक्टर फळीवर चढला, दोघांनी गादी फिरवली, आणि ही गादी लेकीच्या बाळंतपणासाठी नवी भरून घेतलीय हे काकूंना तेव्हाच दिसलं. पुढचा पाऊण तास चर्चासत्र तहकूब!

तुला सांगते, त्याच आठवड्यात रात्री एका वस्तीवरून बोलावणं आलं. म्हैस कळा देऊन दमलेली, हात आत घातला तर उजवीकडचा पीळ. शेजारच्या तालुक्यातली आमच्या रविवारची मुलगी फोन करताच मोटरसायकलवर आली. फळी मिळेना, तर घरच्या आजीने गोठ्याच्या दाराकडे बोट दाखवलं, “हेच काढा, पुन्हा बसवता येईल.” कुणी उभं राहायचं यावर भाऊबंदांत वाद झाला. शेवटी लग्न ठरलेल्या धाकट्याला चढवलं आणि आजीने त्याला बजावलं, “हलू नकोस, सासरवाडीला कळेल.” दोन-तीन वेळा फिरवल्यावर पीळ सुटला आणि पाण्याचा लोंढा आला. जिवंत रेडी! आम्ही दोघी चिखलात बसून एकमेकींकडे बघून हसत होतो. एकटी असते तर हे केलंही असतं कदाचित, पण तो आनंद अर्धाच राहिला असता.

आणि सगळ्या रात्री अशा नसतात, हे तुला काय सांगायचं. २०२२ मध्ये लम्पी आली तो पावसाळा मी विसरणार नाही. ऑगस्टमध्ये जळगावकडून बातमी आली आणि बघता बघता आपल्याकडेही गाठी दिसू लागल्या. शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचत आम्ही वस्त्या पालथ्या घालत होतो. नुकताच पास झालेला एक मुलगा तेव्हा आमच्याकडे होता. त्याने जीव तोडून जपलेला एक बैल गेला. मालक काही बोलला नाही, नुसता दावं गुंडाळत बसला, आणि हे पोरगं नोकरी सोडायच्या गोष्टी करू लागलं. सरांनी त्याला घरी नेलं. उपदेश केला नाही. आधी जेवायला घातलं, मग स्वतःच्या हातून गेलेली जनावरं एकेक करून सांगितली, नावांसकट. तो मुलगा आज आमच्या रविवारी सगळ्यात जास्त प्रश्न विचारतो.

म्हणून म्हणते, शिकणं आणि सावरणं मला आता वेगळं काढता येत नाही. अडकलेली वार काढताना लांब हातमोजे घातलेस का, हे आम्ही एकमेकांना विचारतो ते ब्रुसेलाच्या भीतीने, पण त्यात माया असते. कुणाला चढउतार होणारा ताप येत असेल तर त्याला धरून रक्त तपासायला नेतो. गुरांच्या डॉक्टरची विचारपूस करणारं माणूस त्याच्याच धंद्यातलं लागतं, कारण बाकीच्यांना वाटतं, एवढं काय, गायच तर होती!

आता तुझ्याविषयी. पत्राच्या शेवटी, मेंढ्यांच्या लँबिंगचा हंगाम संपला तरी झोप लागत नाही, असं तू एका ओळीत लिहून टाकलंस. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मला हेही ठाऊक आहे, की तुमच्याकडच्या पशुवैद्यांमधलं आत्महत्येचं प्रमाण इतर लोकांच्या तिपटी-चौपटीच्या घरात असल्याचं तिकडच्याच अभ्यासकांनी २०१० मध्ये मांडलं होतं. घाबरवायला लिहीत नाही. पण तुमच्याकडे व्हेटलाइफची हेल्पलाइन आहे, पशुवैद्यांचं जगणं जाणणारी माणसं तिथे अहोरात्र ऐकून घेतात. तुला एकटीला जड झालं तर तिथे फोन कर. त्याच्याआधी किंवा नंतर मलाही कर, वेळकाळ बघू नकोस.

आणि एक काम. आमच्याकडे संकरित गायींचे मुक्त गोठे वाढलेत, खुरं वाढलेल्या आणि लंगडणाऱ्या गायी रोज दिसतात. तुम्ही गायीच्या चालीला ० ते ३ असे गुण देऊन लंगडेपणा लवकर हेरता, ते आम्हाला शिकायचंय. पुढच्या रविवारी व्हिडिओवर तू शिकव. चालणाऱ्या गायींचे तुमच्याकडचे चार व्हिडिओ आण, मराठीत बोल, आणि कुठे अडलीस तर खुशाल आम्हाला विचार. आमची दुपार म्हणजे तुझी सकाळ, तेव्हा चहा घेऊन बस. सगळ्यांना तुझं नाव मी आधीच सांगून ठेवलंय, त्यामुळे आता ‘नाही’ म्हणायची सोय उरलेली नाही!

तुझीच,
मी