पाऊस मुरला किती अन् तुंबला कुठं?



आमचा झेंडू जुन्नर भागातून दादरच्या फूलबाजारात जातो. पावसाळ्यात रोज संध्याकाळी व्यापाऱ्याला फोन होतो आणि भावाच्या आधी पावसाचं बोलणं होतं. पहिल्या वर्षी आमचं काही जुळायचंच नाही. मी म्हणायचो, "सासवांचा पाऊस लागलाय, वाफसा नाही." तो म्हणायचा, "हिंदमाता भरलंय." दोघंही मराठीच बोलत होतो, पण एकाचं दुसऱ्याला उमगत नव्हतं.

हळूहळू उमगलं. आपण पाऊस मुरला किती ते विचारतो, मुंबईकर तुंबला कुठं ते विचारतो. आपल्याकडं पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, मघेचा सासवांचा, पूर्वेचा सुनांचा. नुसतं नाव घेतलं की महिना कळतो आणि पिकाची अवस्थाही कळते. मुंबईत पावसाला ठिकाणाचं नाव. गांधी मार्केटला पाणी म्हणजे सायनकडून येणारी आपली गाडी अडकणार. हिंदमाताला पाणी म्हणजे परळ-लालबागचा हारवाला येणार नाही. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी म्हणजे लोकल बंद, किरकोळ गिऱ्हाईक नाही. तीन ठिकाणं, तीन वेगळे भाव.

हिंदमाता का भरतं, हेही त्याच्याकडूनच कळलं. दादर-परळमधला तो भाग बशीसारखा खोलगट. चारी बाजूंचं पाणी तिथं येतं. शहराच्या जुन्या गटारांचा हिशोब तासाला 25 मिमी पावसाचा, आणि तोही ओहोटी धरून. समुद्र वर असला की पाणी जाणार कुठं? आता प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या केल्यात. आपल्या शेततळ्यासारखंच, फक्त जमिनीखाली, आणि पाणी ठेवायला नाही तर भरती उतरेपर्यंत थोपवायला.

म्हणून मुंबईच्या पावसात भरती येतेच. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. कोळी लोकांचे हे शब्द. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण 50 मिनिटं उशिरा. दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, म्हणून वेळेबरोबर मीटरही विचारायचे. साडेचार मीटरच्या वर भरती आणि त्याच वेळी जोराचा पाऊस, की बाजाराचं गणित बदललं.

आता मिलिमीटरचं. बातमीत "कुलाब्यात इतका, सांताक्रूझला इतका" असं सांगतात, कारण वेधशाळेची मोजणी तिथं होते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पडला. कुलाब्याला 75 मिमीसुद्धा नाही. शहर एकच! मग आपल्या महसूल मंडळाचा आकडा आपल्याच बांधावरचा असेल असं कसं धरायचं? 24 तासांत 65 मिमी झाला तर मंडळात अतिवृष्टी धरतात. पंचनाम्याच्या वेळी हाच आकडा आडवा येतो. म्हणून बांधावर साधं पर्जन्यमापक लावा आणि रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहा. वेधशाळेचा दिवसही साडेआठ ते साडेआठच असतो. 1 मिमी म्हणजे एकरी साधारण 4,000 लिटर पाणी, हा हिशोबही ध्यानात ठेवा.

आमचा व्यापारी लालबागचा. वडील गिरणीत होते. तो सांगतो, गावाहून पत्र आलं की वडील आधी पाऊस कुठवर आला ते वाचायचे, मग बाकीची खुशाली. चाळीच्या खोलीत राहून त्या माणसाचा जीव मृगात अडकलेला. त्यामुळं मुलाच्या कानाला नक्षत्रं ओळखीची होती, फक्त अर्थ विसरला होता. आता तो मला विचारतो, "तोडणीआधी उघडीप किती तास होती?" ओलं फूल क्रेटमध्ये तापतं, पाकळी काळी पडते. उघडीप कळली की माल किती टिकेल याचा अंदाज त्याला येतो आणि गिऱ्हाईकाला तो तसं सांगू शकतो.

मागच्या पावसाळ्यात सणाच्या तोंडावर त्याचा दुपारीच फोन आला: "उद्या दुपारी मोठी भरती आहे, ऑरेंज अलर्ट आहे. गाडी पहाटेच्या बाजारालाच लाव. उरलेलं परवा तोड." इकडं चार तासांची उघडीप होती. निम्मा प्लॉट तोडला, निम्मा झाडावर ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी हिंदमाता भरलं, पण आमचा माल सकाळीच विकून झाला होता. झाडावरचं फूल तिसऱ्या दिवशी गेलं.

मंडळी, माल जिथं जातो तिथली पावसाची बोली शिकून घ्या आणि आपली त्यांना शिकवा. तोडणीआधी तीनच प्रश्न: भरती किती वाजता आणि किती मीटर? पाणी कुठं तुंबलंय? लोकल चालू आहे का?

तुमच्या भागात कुठल्या पावसाला काय म्हणतात, तेही कळवा. उद्या पूर्वा निघतंय. सुना काय करतात बघू.