घडीची बाबागाडी

गेल्या दिवाळीत आमची लेक दहा महिन्यांच्या नातवाला घेऊन सांगलीस आली. स्टेशनवर उतरताना तिने छत्रीसारखी मिटलेली एक वस्तू माझ्या हाती दिली. ती बाबागाडी होती. घरी आल्यावर ती उघडून दाखविण्याचा उत्साह मला आवरला नाही. मागचा खटका पुरता बसला नव्हता. गाडी एकाएकी मिटू लागली आणि माझे बोट दोन नळ्यांच्या मध्ये सापडले. माझे बोट नुसते काळेनिळे पडले. पण नातू त्याच क्षणी गाडीचा दांडा धरून उभा राहू पाहत होता. त्याच्या बोटाचे काय झाले असते, या विचाराने अंगावर काटा आला.

त्या रात्री मला 1994 मधील एक कर्जप्रकरण आठवले. त्या वेळी मी एका शाखेत कर्ज विभाग सांभाळीत होतो. भांड्यांच्या एका जुन्या पेढीतील धाकटा मुलगा मुदत कर्जाचा अर्ज घेऊन आला. त्याने अभियांत्रिकीची पदविका घेतली होती. सोबत प्रकल्प अहवाल होता आणि कापडात गुंडाळलेला, घडीच्या बाबागाडीचा तिसरा नमुना होता.

ओवेन मॅक्लारेन हे नाव मी प्रथम त्याच्याच तोंडून ऐकले. हे ब्रिटिश विमान अभियंते. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या मिटणाऱ्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केले होते. प्रवासात जड बाबागाडी सांभाळताना आपल्या लेकीची होणारी ओढाताण पाहून त्यांनी विमानविद्येतले ज्ञान घरच्या अडचणीसाठी वापरले. जुन्या घडीच्या गाड्या चपट्या होत, पण त्यांची रुंदी तशीच राही. मॅक्लारेन यांनी अॅल्युमिनियमच्या हलक्या नळ्या फुलीच्या आकारात जोडल्या, त्यामुळे गाडी रुंदीतही मिटू लागली. वजन जेमतेम 6 पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आत. 1965 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि 1967 मध्ये गाडी बाजारात आली.

त्या मुलाच्या पहिल्या नमुन्याची चाके आपल्या रस्त्यांवरील खड्ड्यांत अडकत. दुसऱ्याच्या दांड्याला भाजीची पिशवी अडकविताच तो मागे कलंडे. तिसऱ्यात हे दोन्ही दोष दूर झाले होते; प्रश्न उरला होता बिजागऱ्यांचा. ज्या सांध्यांमुळे गाडी मिटते, तेच सांधे कात्रीसारखे चालतात, असे तो सांगू लागला. मी घड्याळाकडे पाहिले आणि तारण व जामीनदार यांविषयी विचारले.

जामीनदार म्हणून सही करण्यास त्याच्या वडिलांनी नकार दिला होता. ते मला म्हणाले, “साहेब, भांडी पडून राहिली तरी मोडीच्या भावाने जातात. या नमुन्यांना मोडीत तरी कोण विचारील?” तीन नमुन्यांचे पैसे त्यांच्या वहीत केव्हाच खर्ची पडले होते. मीही फाईलवर शेरा लिहिला : “बाजारपेठ सिद्ध नाही, तारण अपुरे.” नियमाने त्यात काहीही चूक नव्हती. मुलाने नमुना उचलला आणि तो निघून गेला. पुढे तो पेढीवर बसू लागला.

भाऊबीज झाल्यावर मी त्याच्या दुकानी गेलो. आता त्याचे केस पांढरे झाले आहेत. बोटाची हकीकत ऐकून तो काही न बोलता माळ्यावर चढला आणि धुळीने माखलेला एक नमुना घेऊन आला. तो चौथा होता. माझ्या नकारानंतर, रात्री दुकान बंद झाल्यावर, त्याने तो तयार केला होता. त्यात दोन खटके होते, एक हाताचा आणि एक पायाचा. दोन्ही सोडल्याखेरीज गाडी मिटत नव्हती. प्रत्येक बिजागरीवर जाड कापडाचे आवरण होते. 2009 मध्ये अमेरिकेत मॅक्लारेन कंपनीच्या सुमारे 10 लाख गाड्यांसाठी बिजागऱ्यांची अशीच आवरणे द्यावी लागली, कारण मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या घटना घडल्या होत्या. ही बातमी वाचली त्या दिवशी आपण माळ्यावर जाऊन नमुना पुन्हा पाहून आलो, असे त्याने सांगितले.

मी क्षमा मागितली. तो म्हणाला, “साहेब, कर्ज नाकारलेत याचे काही वाटले नाही. तुम्ही कापड सोडूनही पाहिले नाहीत, एवढेच मनात राहिले.”

हे खरे होते. माझ्या टेबलावर तो नमुना पाऊण तास होता आणि मी त्याला हातही लावला नव्हता.

ज्यांच्या घरी तान्हे बाळ आहे त्यांना एवढेच सांगतो : गाडी उघडताना व मिटताना मूल हाताच्या अंतरावर नसावे. खटका बसल्यावर गाडी एकदा दाबून पाहावी आणि मगच बाळाला बसवावे. दांड्याला पिशव्या अडकवू नयेत.

आणि आपल्या व्यापारी घरांतील वडीलधाऱ्यांना विनंती आहे. उद्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्या हाताने घडविलेली वस्तू पुढे ठेवील. पैसे द्यावेत की न द्यावेत, हे आपण हिशेब पाहून ठरवालच. तत्पूर्वी ती वस्तू हाती घेऊन पाहावी आणि घडविणाऱ्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकावे. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ फाईली बारकाईने वाचल्या. त्या दिवशी मात्र एवढे करायचे राहून गेले.